भाषणामागचा अभ्यासक

(निलंगा येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या केंद्रीय विधिमंडळात गोपाळ कृष्ण गोखले पहिल्यांदा अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. समोर लॉर्ड कर्झन होते. सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती आणि अर्थखाते त्या शिलकीचा अभिमान बाळगत होते. गोखल्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. देश नुकताच भीषण दुष्काळातून बाहेर पडला आहे, माणसे आणि जनावरे मेली आहेत, मग तिजोरीत एवढा पैसा शिल्लक कसा राहतो? उत्तरही त्यांनीच आकडे मांडून दिले. रुपयाचा भाव बदलला, पण करांचे दर अडचणीच्या काळात चढवले तिथेच ठेवले. ही शिल्लक म्हणजे गरजेपेक्षा जास्त वसूल केलेला कर होता, आणि त्यातला मिठाचा कर तर सर्वांत गरीब माणसाच्या ताटातून येत होता. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. १९०७ पर्यंत तो एक रुपयावर उतरला.

त्या भाषणाने गोखले देशभर पोहोचले. मात्र त्यातल्या आकड्यांची जुळणी ज्यांच्याबरोबर झाली ते गणेश व्यंकटेश जोशी आज फारसे कुणाच्या स्मरणात नाहीत. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी वेगळे. हे जोशी सरकारी शाळांत शिकवणारे, सोलापूरच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक. न्यायमूर्ती रानड्यांच्या सहवासात सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी त्यांनी शेतसारा, रेल्वे, लष्करी खर्च, दुष्काळ यांवर लिहिले. सरकारी अहवालांतले तक्ते ते उलटसुलट तपासत. १८९७ मध्ये तिशीतले गोखले लंडनला, हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले, तेव्हाही त्यांच्या टिपणांमागे जोशींचे काम होते. आयोगाच्या सदस्यांनी उलटतपासणी केली आणि गोखले टिकले.

सोलापूर निलंग्यापासून दूर नाही. कायदेमंडळात बोलणाऱ्याच्या मागे कुणीतरी अभ्यासक असावा, त्याने आकडा पडताळावा, प्रश्न नेमका करावा, ही रीत या भागात सव्वाशे वर्षांपूर्वी एका शाळामास्तराने पाडली होती. त्यासाठी त्यांना मानधन नव्हते, पद नव्हते आणि श्रेयाची अपेक्षाही नव्हती. अशा कामाला आज फेलोशिप म्हणतात. फेलोशिपला मुदत असते, मानधन असते, निवडीची पद्धत असते. मराठवाड्याला तिची गरज का आहे, ती कशी असावी आणि कशी असू नये, हा या व्याख्यानाचा विषय.

गोखल्यांच्या त्या भाषणानंतर पंचवीस वर्षांनी मुंबईच्या कायदेमंडळात याहून वेगळी गोष्ट घडली. तिथे अभ्यासक आणि सदस्य एकच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर अर्थशास्त्रीय निबंध लिहिला होता. जमिनीचा तुकडा लहान आहे की मोठा, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीत किती भांडवल आणि किती श्रम घालता येतात यावर ते ठरते, अशी त्यांची मांडणी होती. शेतीवर जगणाऱ्यांची गर्दी कमी झाल्याखेरीज, म्हणजे उद्योग वाढल्याखेरीज, तुकडे जोडून गरिबी हटणार नाही, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. ऑक्टोबर १९२७ मध्ये तुकडेबंदीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात चर्चेला आले, तेव्हा आमदार आंबेडकर त्याच मांडणीच्या आधारे विरोधात उभे राहिले. पुढे १९२८ मध्ये महार वतनांबाबतचे आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी स्वतः मांडले. त्या दोन्ही विधेयकांमागेही वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. तुकडेबंदीचा कायदा अखेर १९४७ मध्ये झालाच, आणि त्याच्या अटी शिथिल कराव्यात का, कशा कराव्यात यावर महाराष्ट्रात आजही वाद चालू आहे. गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार अडकलेल्या कुणालाही हा प्रश्न नवा वाटणार नाही.

पण प्रत्येक मतदारसंघाला आंबेडकर मिळत नाहीत. म्हणून व्यवस्था लागते.

जगात ही व्यवस्था कशी उभी राहिली ते थोडक्यात पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात १९०१ मध्ये चार्ल्स मॅकार्थी या इतिहासाच्या डॉक्टरेटधारकाने विधानभवनातच आमदारांसाठी संदर्भ ग्रंथालय उभारले. कोणत्या राज्यात कोणता कायदा झाला, तो टिकला की फसला, हे तिथे आमदाराला विचारता येऊ लागले. तोवर हे सांगायला कंपन्यांचे वकील पुढे येत. १९१४ मध्ये तीच कल्पना अमेरिकी संसदेने उचलली. मग १९५३ मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेने एक पाऊल पुढे टाकले. राज्यशास्त्राच्या तरुण अभ्यासकांना काही महिने थेट लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात बसवायचे, विधेयके वाचायची, समितीची तयारी करायची, मतदारांची पत्रे हाताळायची, आणि मग त्यांनी विद्यापीठात परत जायचे. शास्त्रज्ञांची अशीच योजना १९७३ मध्ये आली. त्यात दोन्ही बाजूंना लाभ होता. खासदाराला अभ्यासाचा माणूस मिळे, आणि अभ्यासकाला समजे की कायदा नुसत्या तर्काने होत नाही. त्यात मतांची गणिते असतात, वेळ कमी असतो आणि कधी कधी एका शब्दावर रात्र जाते.

भारतात या धर्तीवरचा सर्वांत परिचित प्रयत्न ‘लॅम्प’ या नावाने ओळखला जातो. २००५ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेने २०१० पासून तो चालवला. पंचविशीच्या आतले पदवीधर तरुण-तरुणी निवडायचे, प्रत्येकाला एका खासदाराशी जोडायचे आणि पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या अखेरीपर्यंत त्याच्याबरोबर काम करू द्यायचे. खासदार कोणत्या पक्षाचा हे संस्था पाहत नाही. फेलो प्रश्नांचे मसुदे करतो, विधेयकावर टिपण देतो, शून्य प्रहरासाठी मुद्दा काढतो, अशासकीय विधेयक लिहायला मदत करतो. अशासकीय विधेयक १९७० नंतर संसदेत एकही मंजूर झालेले नाही, आणि स्वातंत्र्यानंतर एकूण फक्त १४ मंजूर झाली, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळते. तरीही ती मांडली जातात, कारण त्यांतले विषय पुढे सरकारी विधेयकांत येतात.

याच संस्थेने काढलेले दोन आकडे अस्वस्थ करतात. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके तपासणीसाठी समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. म्हणजे विधेयक सकाळी हातात पडावे आणि दोन दिवसांत त्यावर मत द्यावे, असे प्रसंग वाढले. खासदाराकडे स्वतःची अशी मदत किती असते? २०२५ च्या सुधारणेनंतर दरमहा ७५ हजारांचा कार्यालयीन भत्ता मिळतो, त्यातले ५० हजार सहायकासाठी. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या एका सदस्याला अठरा पूर्णवेळ कर्मचारी नेमता येतात. ही तुलना दोन देशांच्या श्रीमंतीची नाही, निवडून आलेल्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवली जाते याची आहे.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांच्या मदतीला स्वीय सहायक असतो. त्याचा दिवस कसा जातो ते तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. शिफारसपत्रे, बदल्या, रुग्णालयात खाट मिळवून देणे, डीपी जळाली म्हणून आलेले फोन, लग्नकार्याच्या तारखा. ही कामे क्षुल्लक नाहीत. डीपी जळाल्यावर पाणी न मिळालेले पीक आमदाराच्या भाषणाची वाट पाहत नाही. पण या धबडग्यात ऐंशी पानांचे विधेयक कोण वाचणार? तारांकित प्रश्नाला आलेले उत्तर मागच्या अधिवेशनातल्या उत्तराशी कोण ताडून पाहणार? आश्वासन समितीपुढे कोणते आश्वासन किती वर्षे लोंबकळत आहे, याची वही कोण ठेवणार?

अलीकडचे एकच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. त्यावर लोकांकडून १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झाले. त्या कायद्याविषयी कुणाचे मत काहीही असो, एवढ्या सूचना वाचणे, त्यांचे गट पाडणे, कोणती हरकत कोणत्या कलमावर आहे हे सदस्यापुढे ठेवणे हे काम प्रशिक्षित माणसांचे आहे. मुलाखतींचे ढीग चाळून त्यातून आशय काढायला समाजशास्त्राचा विद्यार्थी शिकलेला असतो. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला कलमाची भाषा वाचता येते. ही माणसे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून दर वर्षी बाहेर पडतात आणि बहुतेक जण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात.

राज्यात याच्या जवळ जाणारे दोन उपक्रम आहेत. एक, राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा संसदीय अभ्यासवर्ग. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तिथे कामकाज दाखवतात, मंत्री-आमदारांची व्याख्याने होतात. हा चांगला उपक्रम आहे, पण तो थोड्या दिवसांचा आहे आणि विद्यार्थी प्रेक्षक म्हणून बसतो. दुसरा, २०१५ मध्ये सुरू झालेला, मध्ये थांबलेला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालेला मुख्यमंत्री फेलोशिप कार्यक्रम. त्यात तरुणांना वर्षभर मानधन मिळते, शासनाच्या खात्यांत आणि जिल्ह्यांत काम मिळते. पण तो शासनाच्या बाजूला बसलेला तरुण आहे. योजना राबवायला तो मदत करतो. योजनेविषयी शासनाला प्रश्न विचारणाऱ्या सदस्याला मदत करणारा कुणी त्यात नाही. शासनाकडे आधीच सचिव आहेत, संचालनालये आहेत, सल्लागार कंपन्या आहेत. बाकांवर बसलेल्या सदस्याकडे, तो सत्ताधारी असो की विरोधी, यांतले काही नाही. फेलोशिपची खरी जागा तिथे आहे.

मराठवाड्याने अभ्यासाची ताकद एकदा अनुभवली आहे. विकासात अन्याय होतो ही तक्रार जुनीच होती. पण १९८३ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला, तेव्हा तक्रारीला मोजमाप मिळाले. राज्याची सरासरी धरायची, जिल्हा तिच्या खाली किती आहे ते प्रत्येक क्षेत्रात काढायचे आणि ती तूट भरायला किती पैसा लागेल ते सांगायचे. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, सगळे. एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपयांचा निघाला. विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी, उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी. उर्वरित महाराष्ट्राचाही अनुशेष मोठा आहे, हे वाचून अनेकांना धक्का बसला. त्याच वर्षी जुलैत विधिमंडळाने घटनेच्या कलम ३७१(२) खाली प्रदेशांसाठी वैधानिक विकास मंडळे मागणारा ठराव केला. मंडळे यायला १९९४ उजाडले. त्या वेळचा अनुशेष पुढच्या समितीने मोजला तो १४,००६.७७ कोटींचा होता, आणि मराठवाड्याचा वाटा ४,००४.५५ कोटी.

दहा वर्षांत किमती वाढल्या, निकष बदलले, हे खरेच. तरी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दांडेकरांचा अहवाल सभागृहात गाजला, पण त्यातली तूट वर्षागणिक किती भरली, लातूर जिल्ह्याच्या वाट्याचे किती वळवले गेले, हे दर अधिवेशनात विचारत राहणारे अभ्यासू हात आमदारांच्या मागे नव्हते. मराठवाडा जनता विकास परिषदेने आणि गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसांनी ते बाहेरून, आंदोलनातून आणि निवेदनांतून केले. प्रादेशिक असमतोल तपासणारी केळकर समिती २०११ मध्ये नेमली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि सभागृहापुढे डिसेंबर २०१४ मध्ये ठेवला गेला. वैधानिक मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. निलंग्याने राज्याला शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या रूपाने मुख्यमंत्री दिला, अनेक मंत्री या भागाने दिले. पण जिल्ह्याच्या आकड्याआड तालुका कसा लपतो हे मोजण्याचे काम कोणत्याही मोठ्या नेत्याला एकट्याने, दौऱ्यांच्या मधल्या वेळात, करता येणारे नाही.

समाजविज्ञानाचा प्रश्न कायद्याला कुठे भिडतो, याचे दुसरे उदाहरण जमिनीखाली आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वेळी महाराष्ट्रात भूजलाचा कायदा अस्तित्वात होता. विधिमंडळाने तो २००९ मध्ये केला, २०१३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, २०१४ पासून तो लागू झाला. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहीर त्यात निषिद्ध आहे. म्हणजे सुमारे दोनशे फूट. लातूर जिल्ह्यात बोअर सातशे-आठशे फुटांवर जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कायदा लागू झाल्यावर त्याच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये लोकांपुढे आला. कायदा आणि गाव यांच्यामधली ही दरी का पडली? बोअर पाडणाऱ्या शेतकऱ्याने कुणाकडून कर्ज काढले, शेजाऱ्याचे बोअर आटले तेव्हा काय बोलणे झाले, पाणी मोजायची समिती गावात कुणी मानेल का, ऊस सोडून सोयाबीन-तुरीकडे वळायला काय लागेल? हे प्रश्न अभियंता विचारत नाही. गावात राहून विचारणारा समाजशास्त्रज्ञ विचारतो. त्याची उत्तरे सभागृहात नियमांच्या चर्चेपर्यंत पोहोचली, तर कायदा गावाला धरून होईल.

बाहेरचा अभ्यास आणि आतला प्रश्न जुळला की काय होते, हे २०१९ मध्ये दिसले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली जात असल्याचे पत्रकारांनी आणि स्त्रियांच्या संघटनांनी पुढे आणले. जूनमध्ये विधान परिषदेत विषय निघाला, तेव्हा तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले की जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सभागृहात आकडा नोंदला गेल्यामुळे कुणालाही नंतर ‘असे काही झालेच नाही’ म्हणता आले नाही. आडसाली उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईला एका दिवसाचा खाडा किती महाग पडतो, मुकादमाची उचल कशी फिटते, हे त्या आकड्यामागचे अर्थशास्त्र आहे. ते कळल्याशिवाय नुसत्या रुग्णालयांच्या तपासणीने प्रश्न सुटत नाही.

आणि कल्पना सभागृहातून कायद्यात कशी उतरते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दाखला वि. स. पागे यांचा. विधान परिषदेचे ते १९६० ते १९७८ सभापती होते. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, काही गावांपुरता, त्यांनी प्रयोग केला. मागेल त्याला काम दिले तर किती लोक येतात, किती दिवस येतात, किती खर्च होतो? आधी प्रयोग, मग योजना, मग १९७२ च्या दुष्काळाची कसोटी, मग १९७७ चा रोजगार हमी कायदा, जो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पैसा कुठून आणायचा, हेही ठरवले होते. १९७५ चा व्यवसाय कर त्यासाठीच आला. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्यावर लिहिताना ग्रामीण कामांचा आग्रह धरला होता. योजना सुरू झाल्यावर तिची चिकित्सा करणाऱ्यांतही दांडेकर होतेच. त्यांनी ती कौतुकाने नव्हे, कडकपणे तपासली. २००५ चा देशव्यापी कायदा याच वाटेने आला. मराठवाड्यातल्या किती घरांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून दिवस काढले, हे इथल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

फेलोशिपविषयी आक्षेप आहेत आणि ते ऐकायला हवेत. पहिला, अशा योजनांत महानगरातली, इंग्रजीत सफाईने लिहिणारी मुले निवडली जातात. आंबुलगा किंवा औराद शहाजानीसारख्या गावातली मुलगी अर्जाच्या निबंधातच मागे पडते. दुसरा, सदस्याच्या कार्यालयात वर्षभर राहिलेला तरुण हळूहळू कार्यकर्ता होतो. मग आकडा साहेबांना आवडेल असा येऊ लागतो. तिसरा, वर्ष संपले की फेलो निघून जातो आणि त्याने जमवलेले सारे त्याच्या संगणकात जाते. हे तिन्ही आक्षेप खरे आहेत, आणि तिन्हींवर योजनेच्या रचनेतच उपाय करावा लागेल.

निवड मराठीतून व्हावी. विधेयके मराठीत असतात, सभागृह मराठीत चालते, प्रश्न मराठीत विचारले जातात, तर अर्ज इंग्रजीत कशासाठी? मानधन सदस्याच्या खिशातून नव्हे, विधिमंडळ सचिवालयातून जावे. तिथे वि. स. पागे यांच्याच नावाचे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे, त्याने प्रशिक्षण द्यावे. फेलोचा शैक्षणिक मार्गदर्शक विद्यापीठात असावा, म्हणजे खोटा आकडा देण्याचा दबाव आला तर त्याला पाठ टेकायला जागा राहील. नांदेडचे विद्यापीठ, त्याचे लातूरचे उपकेंद्र, तुळजापूरचे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे आवार, हे सारे मराठवाड्यातच आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर टाटा संस्थेच्या लोकांनी गावोगाव फिरून पाहणी केली होती. बावन्न गावे नव्या जागी वसवताना लोकांना काय हवे आहे हे विचारण्याचा तो प्रयत्न होता. नव्या गावांतली लांबरुंद गल्ली, घरापासून दूर गेलेले शेत, माळवदाऐवजी आलेले छप्पर, यांविषयी लोक तीस वर्षांनंतरही जे बोलतात ते लिहून ठेवले तर पुढच्या पुनर्वसन कायद्याला उपयोगी पडेल. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचा अभ्यास करून १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला. राज्याचा पुनर्वसन कायदा त्यानंतर, १९७६ मध्ये आला. किल्लारीच्या अनुभवाचे असे संकलन अजून सभागृहापुढे यायचे आहे.

लातूरने बारावीच्या विज्ञान शाखेला एक शिस्त दिली. राज्यभरातून मुले इथे येतात. समाजविज्ञानाच्या वाट्याला ती जिद्द आलेली नाही, आणि याचे दुःख वाटावे असे आहे, कारण या जिल्ह्याचे मोठे प्रश्न, म्हणजे पाणी, स्थलांतर, पीकविमा, मुलींचे लवकर होणारे लग्न, सगळे समाजविज्ञानाचे आहेत. निलंग्याच्या महाराष्ट्र महाविद्यालयातल्या कला शाखेच्या मुलीला समाजशास्त्र घेतल्यावर ‘पुढे काय?’ असे विचारले जाते. विधान भवनातले एक वर्ष हे त्या प्रश्नाचे एक उत्तर होऊ शकते.

सुरुवात लहान असली तरी चालेल. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या आमदारांपैकी जे तयार असतील त्यांच्याबरोबर, सर्व पक्षांचे धरून, जूनमध्ये पावसाळी अधिवेशनाआधी एकेक फेलो बसवावा. पहिले काही आठवडे त्याने मुंबईत न जाता तालुक्यात काढावेत. ग्रामपंचायतींचे जमाखर्च, भूजल विभागाच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळेतली हजेरी पाहावी. मग अधिवेशन. प्रत्येक तारांकित प्रश्नामागे त्याने एक पानाचे टिपण करावे, कुठला आकडा कुठून आला ते त्यात असावे, आणि सदस्याने तो प्रश्न विचारला की नाही हेही. नागपूरच्या अधिवेशनात त्याने लक्षवेधी सूचना कशा निवडल्या जातात ते पाहावे. मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर कपात सूचना लिहिण्यासाठी त्याने आपल्या तालुक्याच्या वाट्याचा तक्ता करावा. वर्ष संपताना सगळी टिपणे मराठीत बांधून एक प्रत विधिमंडळाच्या ग्रंथालयात आणि एक निलंग्याच्या महाविद्यालयात ठेवावी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या फेलोला कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही, आणि आमदार बदलला तरी भूजलावरचा प्रश्न आधीच्या उत्तरापासून पुढे विचारता येईल.